ट्रॅक्टर कुणाच्या हातात तापतो

आमच्या घरात एखादी गोष्ट ठरते ती जेवताना ठरते, आणि जिच्याबद्दल ठरते ती नेमकी त्या वेळी वाढत असते. ट्रॅक्टर माझ्या हातात तापतो हेही असंच ठरलं. दिरांनी घास तोंडात घालता घालता सांगितलं, सासूबाईंनी मान डोलावली, आणि माझा नवरा ताटातल्या बटाट्याचे तुकडे करत बसला. बटाट्याचे तुकडे आधीच झालेले होते.

“वहिनी, राग मानू नका,” दीर म्हणाले. अशी सुरुवात झाली की मी राग मानायला तयारच बसते. “पण यंत्राला ओळखीचा हात लागतो. दादाच्या हातात कधी तापला नाही, आणि आता दर चार दिवसांनी वाफा सोडतोय. इंजिन जाम झालं तर भंगारात जाईल. त्याआधी विकून मोकळे होऊ. रविवारी मी गिऱ्हाईक घेऊन येतो. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने उरकता येईल.”

दिरांचं शहरात टायरचं दुकान आहे. टायर विकणाऱ्या माणसाला टायरच्या वरचंही सगळं कळतं, असा आमच्या घरात पक्का समज आहे.

“आणि मी काय करू?” मी विचारलं.

“तू आराम कर की,” सासूबाई म्हणाल्या. आराम म्हणजे धुणी, भांडी, गोठा, स्वयंपाक आणि त्यांच्या मुलाची मलमपट्टी. मी भाजीचं भांडं जरा जोरात टेबलावर ठेवलं, एवढंच. त्याचीही दखल घेतली गेली.

थंडीच्या सुरुवातीला नवरा शेडच्या छपरावरून पडला आणि मांडीचं हाड मोडून बसला. तेव्हा रान अर्धं नांगरून पडलं होतं. कुणी मला ट्रॅक्टर चालव म्हटलं नाही, कुणी नको म्हणायला रिकामं नव्हतं, म्हणून मी बसले. चालवायला मला लग्नाआधीपासून येत होतं, फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं. आमचं रान संपलं, मग शेजाऱ्याचं, मग पुलापलीकडच्या विधवा बाईचं. लोक दारात येऊन नवऱ्याची चौकशी करायचे आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचे, “बाई, आमच्याकडे कधी येता?” लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या दारात मला शोधत कुणी आलं असेल तर ते या हिवाळ्यात. आता ते सगळं रविवारी कुणाच्या तरी ट्रॉलीवर चढून जाणार होतं. ट्रॅक्टर गेला की मी पुन्हा सगळ्यांची आराम करणारी सून.

आणि तापायचं कारण काय, तर माझा हात! अहो, त्या ट्रॅक्टरची जेवढी सेवा मी केली तेवढी त्याच्या जन्मात कुणी केली नसेल.

नवऱ्याची पद्धत वेगळी होती, त्याच्या वडिलांचीच. रेडिएटरमध्ये साधं पाणी. आमच्याकडे थंडीत रात्री बादलीतलं पाणी गोठतं, मग इंजिनातलंही गोठणार आणि इंजिनाला तडा जाणार. म्हणून रोज संध्याकाळी खालची तोटी उघडून सगळं पाणी सोडून द्यायचं आणि रोज सकाळी नळाला रबरी पाइप लावून पुन्हा भरायचं. भरल्यावर इंजिन चालू ठेवून रेडिएटरचा वरचा पाइप हाताने दाबत बसायचं, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. हवा आत राहिली तर वरून टाकी भरलेली दिसते, पण पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. हे सगळं तो रोज निगुतीने करायचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण रोजच्या पाण्याने आत गंज धरला होता. मी मेकॅनिकला विचारून सगळं काढलं. तोटीतून चहासारखं पाणी आलं. स्वच्छ पाणी निघेपर्यंत मी आतून धूत राहिले. जुना फुगलेला पाइप बदलला. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा आतून बाहेर पाण्याचा फवारा मारून काढला, कारण बाहेरून मारला की तो आणखी आत बसतो. मग मेकॅनिकने सांगितलेल्या मापाने कूलंट आणि शुद्ध पाणी मिसळून हिरवंगार मिश्रण भरलं. ते गोठत नाही, गंजू देत नाही, रोज काढावं लागत नाही. बाजूच्या पारदर्शक बाटलीत हिरवी रेघ दिसली की झालं, टोपण उघडायचंही कारण नाही. हात पुसत मी घरात आले आणि नवऱ्याला म्हटलं, “सुटलो बघा! आता दोन वर्षं तिकडे बघायला नको.”

तो काहीच बोलला नाही. मला वाटलं पाय दुखत असेल.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल, भर रानात तापमानाचा काटा चढत चढत लाल पट्ट्यात गेला. मी इंजिन बंद केलं आणि बांधावर बसून राहिले. हिरवी बाटली तर भरलेली. थंड झाल्यावर टोपण उघडलं तर टाकीची पातळी ही एवढी खाली, की आतला रंगही दिसेना. डब्यातलं पिण्याचं पाणी ओतून कसाबसा घरी आणला. गळती कुठेच नाही. दोन दिवस बरा चालला, की पुन्हा तेच. पुलापलीकडच्या बाईच्या रानात तर अशी वाफ उठली की माणसं फावडी टाकून बघायला आली. एकजण म्हणाला, “मालक बरे होईपर्यंत थांबायचं होतं.” त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी पंख्याचा पट्टा तपासला. टोपणाचं रबर बदललं. शेवटी थर्मोस्टॅट काढून आणला. इंजिन गरम झालं की उघडून पाणी फिरू देणारी ती वाटीएवढी झडप असते. उघडते की नाही बघायला ती उकळत्या पाण्यात टाकतात. मी स्वयंपाकघरातल्या पातेल्यात टाकली. सासूबाई मागून आल्या आणि पातेल्यात डोकावल्या.

“हे काय शिजतंय?”

“थर्मोस्टॅट.”

“माझ्या दुधाच्या पातेल्यात?” त्यांनी छातीवर हात ठेवला. “माझा मुलगा इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवतो, पण कधी त्याचे अवयव घरात आणले नाहीत!”

झडप माझ्या डोळ्यांदेखत अलगद उघडली, म्हणजे तिच्यातही दोष नव्हता. मी दारात बसलेल्या नवऱ्याकडे वळले. “अहो, तुम्हीच सांगा, आणखी काय बघू?”

तो कुबडीच्या रबराशी चाळा करत म्हणाला, “जुनं झालंय इंजिन.” आणि उठून पाय मोकळे करायला बाहेर गेला. डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला सांगितलं होतं, म्हणून तो रोज संध्याकाळी आणि पहाटे अंगणात फिरायचा. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या, बघा कसा जिद्दीने चालतो.

रविवारी मी उजाडण्याआधी उठले. विकायचाच असला तर निदान चिखलाने माखलेला जाऊ नये, एवढ्यासाठी. शेडपाशी गेले तर आतून पाण्याचा धो धो आवाज.

नवरा पालथ्या बादलीवर चढून उभा होता. मोडका पाय अधांतरी, एक कुबडी काखेत, दुसरी चाकाला टेकलेली, आणि हातातला रबरी पाइप रेडिएटरच्या तोंडात. टाकी भरली. त्याने टोपण लावलं, बाहीने वरचं पाणी पुसलं, आणि मी दिसले.

मी त्याच्याकडे बघितलं, पाइपकडे बघितलं. मग तोटीखालची ओली जमीन बघितली आणि सगळं एकदम लक्षात आलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

“कधीपासून?” मी विचारलं.

तो सावकाश खाली उतरला. “तू ते हिरवं भरलंस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. ते टाकलेलं नाही मी, दुधाच्या जुन्या कॅनमध्ये ठेवलंय. बाटलीतलं तेवढं तसंच आहे. एकदा आपल्या पद्धतीने भरून बघावं म्हटलं. मग साधं पाणी भरलं म्हणजे रात्री काढणं आलं. कधी जमायचं नाही, गारठा कमी असला की राहून जायचं…”

“आणि हवा? हवा काढायची असते हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच ना?”

“इंजिन चालू केलं असतं तर घरात आवाज गेला असता.”

म्हणजे चोरून करायचं आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

“का पण?”

तो बादलीवर बसला. “तू म्हणालीस, दोन वर्षं बघायला नको. सकाळी उठल्यावर मला तेवढंच काम होतं गं. पाय गेला, रान तुझ्याकडे गेलं, माणसं तुला विचारत येतात. पाणी भरणं तरी…” त्याचे डोळे भरून आले. एरवी मीही विरघळले असते. पण मला भर रानात बांधावर बसलेली मी दिसत होते, आणि लोकांनी खाली टाकलेली फावडी.

“पाणी भरायचं होतं तर सांगायचं. मी इंजिन चालू करून दिलं असतं, शेजारी उभी राहिले असते. त्याचा राग नाही मला. पण पहिल्यांदा तापला तेव्हा तुम्हाला कारण माहीत होतं. मी वेड्यासारखी पट्टे आणि झडपा तपासत होते, तुमच्यासमोर, आणि तुम्ही मूग गिळून बसलात. तुमचा भाऊ माझ्या हाताला दोष देत होता तेव्हा बटाटा चिरत बसलात!”

“सांगणारच होतो. पण आई लगेच म्हणाली, बाईच्या हातात तापतो. मग सांगायची लाज वाटायला लागली.”

“तुला लाज वाटली,” मी म्हणाले. त्याला अहो-जाहो करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. “आणि माझी गेली ती? ती तुझी नव्हती म्हणून चालली? आज ते लोक आले की पहिल्यांदा तू बोलायचंस. सगळ्यांसमोर.”

“बोलतो,” तो म्हणाला.

दीर गिऱ्हाइकाला घेऊन आले. गिऱ्हाईक म्हणजे एक जाडजूड दलाल, जो बोलताना प्रत्येक वस्तूला बुटाने टोकरायचा. त्याने चारी चाकांना टोकरलं. दीर टायर किती चांगले आहेत ते सांगत होते. सासूबाई शाल गुंडाळून दारात उभ्या. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने घसा खाकरला.

“यंदा थंडी फार आहे,” तो म्हणाला.

मी थांबले. दलालाने बॉनेट उघडून इंजिन बघितलं. “तापतो म्हणता, तर भावात धरावं लागेल,” तो म्हणाला. नवऱ्याने पुन्हा घसा खाकरला आणि या वेळी काहीच बोलला नाही.

मग मी शेडमधली परात आणली, तोटीखाली सरकवली आणि तोटी उघडली. पाणी खळखळ पडलं, नळाचं, नितळ.

“बघा सगळ्यांनी,” मी म्हणाले. “मी भरलं होतं ते हिरवं होतं. हे काय आहे?”

“म्हणजे तू नुसतं पाणीच भरलंस!” सासूबाई म्हणाल्या. “तरी मी म्हणत होते!”

दीर खिन्नपणे हसले. “वहिनी, कूलंट म्हणून कुणीतरी तुम्हाला रंगीत पाणी विकलं असेल. होतं असं. बायकांना फसवतात.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नवऱ्याकडे वळले, आणि माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण तो बोलला. “ते मी काढलं. मी पाणी भरत होतो, पहाटे. हवा काढत नव्हतो, म्हणून तापत होता. तिला माहीत नव्हतं.”

मला वाटलं, झालं, निघाला एकदाचा काटा. आता दीर म्हणतील, वहिनी, चुकलो. सासूबाई निदान जमिनीकडे बघतील.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“मोडक्या पायाने!” त्या म्हणाल्या. “एवढ्या गारठ्यात! अरे बाळा, पडला असतास तर?”

“दादा,” दीर म्हणाले आणि त्यांचाही आवाज जड झाला, “एवढा जीव आहे तुझा याच्यात? मला बोलला का नाहीस? मी विकायला निघालो होतो रे!” त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. मग दलालाकडे वळून म्हणाले, “माफ करा. ही वस्तू आता विकायची नाही.”

दलालाने शेवटचं एकदा मागच्या चाकाला टोकरलं. “आमच्यात नाहीत बाबा आता असे मालक,” असं म्हणून तो गाडीत जाऊन बसला.

चूक माझी होती तोवर ती बाईचा हात होती. तीच चूक त्याची निघाली तर ती माया झाली! परातीतलं पाणी तेच, तोटी तीच, वाफ तीच. मी आ वासून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. जाता जाता दीर माझ्यापाशी थांबले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “वहिनी, इथून पुढे मात्र दादाला विचारून करत जा.”

ते गेले. ट्रॅक्टर राहिला होता. मला हवं होतं ते झालं होतं आणि मला परात उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटत होती.

त्याऐवजी मी ट्रॅक्टर फाटकाबाहेरच्या चढावर नेऊन उभा केला, तोंड वर करून, म्हणजे टोपण सगळ्यात उंचावर येतं आणि हवेला वर निघायला वाट मिळते. चाकांमागे दगड लावले. उरलेलं पाणी सोडलं. कॅनमधलं हिरवं फडक्यातून गाळून घेतलं आणि नरसाळ्याने बारीक धारेत ओतायला लागले. घाईने ओतलं की हवा खाली अडकते. टाकी भरली, इंजिन चालू केलं आणि वरचा पाइप दाबायला लागले. मोठे मोठे बुडबुडे यायला लागले. पातळी खाली गेली की मी पुन्हा थोडं ओतत होते.

नवरा कुबड्या टेकत चढावर आला. “राहिला ना ट्रॅक्टर,” तो म्हणाला. “आता तरी राग सोड. सांगितलं मी सगळ्यांना.”

“काय सांगितलंत? काय ऐकू गेलं त्यांना ते बघितलंत ना?”

“त्याला मी काय करू?”

“हवा निघेपर्यंत वेळ आहे माझ्याकडे. भावाला फोन लावा. सांगा, वहिनीने केलं ते बरोबर होतं, मी केलं ते चूक होतं, तिची माफी माग. मला ऐकू येईल असा लावा.”

त्याने लावला. इंजिनाच्या आवाजात त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

“अरे, ऐक. तिचं काही चुकलं नव्हतं! तिचीच पद्धत बरोबर आहे! मी बिघडवला ट्रॅक्टर!”

पलीकडून दीर हसले. “वहिनी शेजारीच उभ्या आहेत ना? कळतं रे दादा. घरात शांतता राहावी म्हणून तू अंगावर घेतोयस.”

“नाही रे! खरंच माझी चूक…”

“बरं बरं. पायाला जप.” फोन बंद झाला.

त्याने पुन्हा लावला. या वेळी दिरांनी, गाडी चालवतोय, नंतर बोलू, म्हणून दोन शब्दांत कटवलं. नवऱ्याचे कान लाल झाले. मला काही न विचारता तो उताराने खाली गेला, घरात शिरला. उघड्या खिडकीतून त्याचा आवाज चढत गेलेला ऐकू आला, आणि त्यावर सासूबाईंचा, “घे बाबा, घे बायकोची बाजू. चांगला आहेस म्हणून ऐकून घेतोस तिचं.”

तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. कुबडी त्याने दगडावर आपटली. मी त्याला इतका चिडलेला छपरावरून पडला तेव्हाही बघितला नव्हता.

“ऐकतच नाहीत!” तो म्हणाला. “मी स्वतः सांगतोय, मला माहीत आहे काय झालं ते, आणि हे आपलं ठरवूनच बसलेत! माणसाने बोलायचं तरी कसं? किती वेळा सांगितलं म्हणजे पटेल?”

“मला काय माहीत?” मी म्हणाले. “मला अजून कुणाला काही पटवता आलेलं नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. बुडबुडे थांबले होते. मी टोपण घट्ट लावलं आणि ट्रॅक्टरवर चढले.